एका मणक्याचे भाऊबंद

पार्श्वभूमी

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गाव वरोऱ्याच्या बाजूचं. नाव देत नाही. जीवाश्म शोधत फिरणाऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या राहाव्यात असं इथं कुणालाच वाटत नाही. कपाशी, सोयाबीन, रब्बीत चणा, असं चारचौघांसारखं गाव आहे.

याच भागात पिसदुरा आणि डोंगरगाव आहेत. जगभरच्या डायनोसॉर अभ्यासकांना ही नावं तोंडपाठ असतात, आणि आम्हाला ती बसच्या पाटीमुळे माहीत असतात. एकोणिसाव्या शतकात नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी पिसदुऱ्याहून हाडं गोळा केली. तिथल्याच शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्ये ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉराची जात सांगितली. पिसदुऱ्याला डायनोसॉरांच्या काळातलं शेणही दगड होऊन पडलेलं आहे. त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. गवत डायनोसॉरांच्या नंतरचं, असा तोवरचा समज त्या शेणानं मोडला. (वर्गात हे सांगितलं की पाच मिनिटं शिकवता येत नाही. कारण शेण.)

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलीनं भावाच्या मदतीनं एक दगड शाळेत आणला. वीतभर लांब, किराणा दुकानाच्या काट्यावर साडेपाच किलो. तिच्या आजीच्या घरी तो दार आपटू नये म्हणून लावलेला असायचा. एका टोकाला वाटीसारखा खळगा, दुसऱ्या टोकाला फुगीर गोळा. मी हात लावला तेव्हाच अंदाज आला की हे हाड आहे, शेपटीचा मणका आहे.

आजीकडे विचारायला गेलो. ती म्हणाली, “माया सासऱ्यानं वावरातून आणला होता, गुर्जी. कोन्या वावरातून ते आता कोनाले पुसाव?”

अडचण

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन बारा दिवसांवर होतं. मुख्याध्यापकांना मणका टेबलावर हवा होता आणि पुढ्यात एक ठळक नाव हवं होतं. मुलीनं कार्ड तयारही करून आणलं: ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’. नाव तिला मोबाईलवर मिळालं होतं आणि पिसदुरा जवळच आहे, म्हणजे तेच असणार. वर्गातल्या एका मुलाचा आग्रह ‘राजासॉरस’साठी होता, कारण ते नाव भारी वाटतं. राजासॉरस हा मांसाहारी, त्याची हाडं गुजरातेतल्या रहिओलीची, आणि त्याचा या हाडाशी काही संबंध दिसत नव्हता. पण मुलाचा उत्साह मोडवेना.

मागच्या भिंतीवर लावायला तालुक्याच्या बाजारातून एक तयार तक्ता आणला होता. त्यात सरड्यापासून बाण निघून टी. रेक्सकडे जात होता आणि तिथून कोंबडीकडे. मध्ये एक उडता टेरोसॉरही डायनोसॉर म्हणून बसवला होता. टेरोसॉर डायनोसॉरांचे जवळचे नातेवाईक खरे, पण डायनोसॉर नव्हेत.

मी हा तक्ता पास केला होता, हे आधी कबूल करतो. दोन दिवसांनी मुलीनं विचारलं, “सर, टी. रेक्स कोंबडीचा आजोबा असेल, तर कोंबडीसारखे पक्षी त्याच्या आधीच कसे होते?” तिनं आर्किओप्टेरिक्स या फार जुन्या पक्ष्याबद्दल वाचलं होतं. तो साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा; टी. रेक्स ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. नातू आजोबाच्या आधी आठ कोटी वर्षं जन्मला होता. मला उत्तर देता आलं नाही आणि तक्ता त्याच दिवशी भिंतीवरून उतरला.

तेव्हा लक्षात आलं की कार्डावरचं नाव आणि तक्त्यावरचे बाण हा एकच प्रश्न आहे. हाड कुणाचं, हे सांगायचं तर ते कुणाकुणाचं नातेवाईक, हे आधी ठरवावं लागतं.

समोरचे पर्याय

सोपा मार्ग ‘डायनोसॉरचं हाड’ एवढंच लिहिण्याचा. चूक निघाली नसती, पण मुलांच्या हातीही काही आलं नसतं. दुसरा मार्ग नागपूरच्या एका भूवैज्ञानिकाला फोटो पाठवून ते सांगतील ते लिहिण्याचा. हे गृहस्थ माझ्या ओळखीतून मिळाले होते आणि व्हॉट्सॲपवर लगेच उत्तर देत. यात मला मोह होता. एक फोन, एक नाव, विषय संपला. पण परीक्षकांनी “कशावरून?” विचारलं, तर मुलगी काय सांगणार? “साहेबांनी सांगितलं.” हे तर आम्ही वर्षभर पाठांतराच्या नावानं करतोच.

तिसरा मार्ग वेळ खाणारा होता. शास्त्रज्ञ नाती कशी लावतात ती रीत मुलांनी स्वतः छोट्या प्रमाणात करून पाहायची, मग त्याच रीतीनं मणका तपासायचा, आणि जिथं पुरावा संपेल तिथं कार्डावरचं नाव थांबवायचं. भूवैज्ञानिकांना विचारायचं, पण उत्तर नव्हे. आम्ही काय पाहायला विसरलो ते. बारा दिवसांपैकी नऊ उरले होते. मुख्याध्यापक म्हणाले, “करा, पण टेबल रिकामं नको.” हाच पर्याय घेतला.

काय केलं

सुरुवात गावातल्या भाऊबंदकीपासून केली. आमच्याकडे एकाच आडनावाची दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात जमिनीवरून जुनी कुरबूर आहे, एक म्हणतात आम्ही एकाच मूळपुरुषाचे, दुसरे म्हणतात मुळीच नाही. मुलांना विचारलं, तलाठ्याच्या दप्तरात कागद नसेल तर कसं ठरवाल?

“आडनाव सारखं आहे ना.” आडनाव तर दहा गावांत सापडतं.

“दोघंही ज्वारीची भाकर खातात.” अख्खा विदर्भ खातो. फार जुनी, सगळ्यांकडे असलेली गोष्ट जवळचं नातं सांगू शकत नाही.

मग एक मुलगा म्हणाला की त्या दोन्ही घरी मुलीच्या पाठवणीला एक विशिष्ट रीत आहे, ती बाकी कुणाकडे नाही. वर्ग गप्प झाला. हाच तो मुद्दा. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं १९५० च्या पुस्तकात जी पद्धत मांडली तिचा गाभा एवढाच आहे: नातं ठरवताना जुनी सामायिक लक्षणं बाजूला ठेवायची आणि नंतर उपजलेली, मोजक्याच घरांत आढळणारी लक्षणं धरायची. ज्यांच्यात अशी नवी लक्षणं सामायिक, त्यांचा एक पूर्वज बाकीच्यांपेक्षा अलीकडचा. तो पूर्वज नेमका कोण, हे सांगण्याचा दावा ही पद्धत करत नाही. त्यामुळे बाण गेले. टी. रेक्स कोंबडीचा आजोबा न राहता चुलत घराण्यातला झाला आणि वर्गातली आठ कोटी वर्षांची अडचण सुटली.

मग फळ्यावर तक्ता मांडला. लक्षण असेल तर १, नसेल तर ०, हाडच मिळालेलं नसेल किंवा लक्षण लागूच होत नसेल तर प्रश्नचिन्ह. तुलनेसाठी नात्यात लांबची म्हणून घोरपड घेतली.

| लक्षण | घोरपड | मगर | ट्रायसेरॅटॉप्स | आयसिसॉरस | टी. रेक्स | कोंबडी |
|---|---|---|---|---|---|---|
| दात खोबणीत बसलेले | ० | १ | १ | ? | १ | ? |
| मांडीच्या खुब्याची खोबण पूर्ण आरपार | ० | ० | १ | १ | १ | १ |
| मणक्यांत हवेच्या पोकळ्या | ० | ० | ० | १ | १ | १ |
| छातीपुढचं इंग्रजी व्ही अक्षरासारखं हाड | ० | ० | ० | ? | १ | १ |
| कमरेचं पुढचं हाड मागे वळलेलं | ० | ० | १ | ० | ० | १ |
| मागच्या पायाचा भार तीन पुढच्या बोटांवर | ० | ० | ० | ? | १ | १ |

आयसिसॉरस इथला म्हणून घेतला. डोंगरगावला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूनं १९८० च्या दशकात त्याचा सांगाडा काढला. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ या नावानं केलं. २००३ मध्ये त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसिसॉरस’ हे नाव मिळालं. सांगाड्यासोबत कवटी आणि मागचे पाय मिळाले नव्हते. म्हणून एवढी प्रश्नचिन्हं. मुलांना ही प्रश्नचिन्हं आधी लाज वाटण्यासारखी वाटत होती. मी सांगितलं की जाणकारांच्या तक्त्यांतही अशी प्रश्नचिन्हं भरपूर असतात आणि ती पुसून अंदाजानं ० किंवा १ भरणं हा त्या कामातला मोठा गुन्हा.

पाचवी ओळ भांडण लावणारी निघाली. कमरेच्या हाडावरून पाहिलं तर कोंबडी ट्रायसेरॅटॉप्सजवळ जाते. बाकीच्या ओळी तिला टी. रेक्सजवळ नेतात. म्हणून दोन झाडं काढली आणि प्रत्येकात लक्षणं किती वेळा बदलावी लागतात ते मोजलं. कोंबडी टी. रेक्ससोबत ठेवली तर सात बदल. ट्रायसेरॅटॉप्ससोबत ठेवली तर नऊ, कारण मग हवेच्या पोकळ्या, छातीचं हाड आणि तीन बोटं हे सगळं दोन-दोनदा घडावं लागतं. कमी बदलांचं झाड स्वीकारलं. कमरेचं हाड दोन घराण्यांत वेगवेगळं वळलं असं मानलं. सारखं आडनाव, वेगळी घराणी. गंमत अशी की ट्रायसेरॅटॉप्सच्या ज्या गटाला ‘पक्ष्यासारख्या कमरेचे’ म्हणतात, त्यात पक्षी येतच नाहीत. हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये डायनोसॉरांची कमरेवरून दोन घरांत वाटणी केली तेव्हापासूनचं हे नाव आहे आणि शिकवताना दरवर्षी त्रास देतं.

एका मुलानं विचारलं, दोनच झाडं का तपासली? बरोबर विचारलं. घोरपड लांबची मानून बाकी पाच प्राण्यांची १०५ झाडं होतात. दहा प्राण्यांची, कुणालाही आधी लांबचा न मानता, ३,४४,५९,४२५. म्हणून हे काम संगणकाकडे जातं. आम्ही वहीत नऊ झाडं काढली आणि दमलो.

मणक्याची पाळी

आता खरं काम. टायटॅनोसॉर गटाच्या शेपटीच्या मणक्यांना पुढे वाटी आणि मागे गोळा असतो, हे मी वाचलं होतं. आमच्या मणक्याला वाटी आणि गोळा दोन्ही होते. मुलं खूश. पण पुढची बाजू कोणती? वरची कमान तुटलेली, नुसते दोन बुंधे शिल्लक. बुंधे वाटीच्या बाजूला सरकलेले होते. मी म्हणालो, टायटॅनोसॉरमध्ये कमान पुढे असते, म्हणजे वाटी पुढे. लगेच मुलगी म्हणाली, “पण सर, हा टायटॅनोसॉर आहे की नाही तेच तर बघतोय आपण.” गोल गोल फिरत होतो.

फोटो नागपूरला पाठवले. उत्तर आलं: “खालून फोटो काढा.” गोळ्याच्या टोकाला खालच्या कडेला दोन लहान उंचवटे होते, आमच्या नजरेतून पूर्ण सुटलेले. शेपटीखाली इंग्रजी व्हीसारखी छोटी हाडं लटकतात, ती मुख्यतः मणक्याच्या मागच्या कडेला टेकतात. म्हणजे गोळा मागे. पुरावा मणक्यातूनच निघाला, गटाचं नाव गृहीत न धरता.

पुढचा अडथळा आमच्याच फळ्यावर होता. पुढे वाटी, मागे गोळा असे मणके मगरीलाही असतात आणि घोरपडीलाही. मग हे राक्षसी मगरीचं हाड कशावरून नाही? इथं एका लक्षणावर भागेना. कमानीचे बुंधे मणक्याच्या पुढच्या अर्ध्या भागातच होते, तर मगरीत कमान जवळपास पूर्ण लांबी व्यापते. वाटी-गोळा, पुढे सरकलेली कमान आणि आकार हे तिन्ही एकत्र फक्त टायटॅनोसॉरमध्ये जुळत होतं. भूवैज्ञानिकांनीही होकार दिला.

त्यापुढे जायचं का, यावर शाळेत एक पूर्ण तास वाद झाला. डोंगरगाव इतकं जवळ, मग आयसिसॉरस का नको? मी फळ्यावरच्या ओळी दाखवल्या: ‘जवळ सापडला’ असं लक्षण त्यात कुठं आहे? आणि ब्लॅनफोर्डी? त्यासाठी लायडेकरांची गोष्ट सांगावी लागली. १८७७ मध्ये त्यांनी जबलपूरच्या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. त्यातले मणके १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना सापडलेले. त्या वेळी डायनोसॉरात अशी शेपटी दुसऱ्या कुणाची ठाऊक नव्हती, म्हणून वाटी-गोळा हीच त्या जातीची ओळख ठरली. पुढे दक्षिण अमेरिकेत, मादागास्करमध्ये, जिकडेतिकडे तशा शेपट्या सापडत गेल्या. एका जातीची खूण अख्ख्या कुळाची झाली. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी उजळणी केली तेव्हा इंडिकसला इतरांपासून वेगळं करणारं काहीच उरलं नव्हतं. नाव संशयित ठरलं, ब्लॅनफोर्डीचंही तेच झालं. कुळाला मात्र टायटॅनोसॉर हे नाव चिकटून राहिलं.

हे मुलांना पचेना. मुलीच्या आजीनं (ती मणक्यावर लक्ष ठेवायला रोज शाळेत येऊन बसायची) सोडवलं. “पयले गावात एकच ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाल्याचं घर म्हटलं की पोस्टमन बराबर जाये. आता म्हणून पाय.”

कार्डावर शेवटी हे लिहिलं: ‘टायटॅनोसॉर गट. शेपटीचा मणका. जात ठरवता येत नाही. सापडल्याची नेमकी जागा माहीत नाही.’

निष्पत्ती

प्रदर्शनात एका परीक्षकांनी विचारलं, “नाव का नाही लिहिलं? तयारी कमी पडली का?” मुलीनं ट्रॅक्टरचं सांगितलं. ते हसले, पटलं की नाही कळलं नाही. दुसऱ्या परीक्षक बाईंचा प्रश्न अवघड होता: “हे झाड उद्या बदललं तर?” त्यासाठी तक्त्याखाली एक तुटक रेषेचं झाड काढून ठेवलं होतं. २०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी ७४ प्राणी आणि ४५७ लक्षणं घेऊन सीलींची वाटणीच मोडली: टी. रेक्सचं घराणं ट्रायसेरॅटॉप्सच्या घराण्याजवळ नेलं आणि लांब मानेच्या शाकाहाऱ्यांना बाजूला केलं. त्याच वर्षी मॅक्स लँगर आणि इतरांनी त्यांच्या तक्त्यातल्या कितीतरी नोंदी पुन्हा तपासल्या, दुरुस्त केल्या. जुनं झाड परत आलं, पण थोडक्यात. दोन झाडांतला फरक ठाम म्हणण्याएवढा नव्हता. मुलगी हे सांगताना दोनदा अडखळली, पण तुटक रेषेवर बोट ठेवून तिनं पूर्ण केलं.

बक्षीस ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेलं. ते चांगलंच होतं.

जानेवारीत भूवैज्ञानिक गावात आले, मणका हातात घेतला, मोजमापं केली आणि नोंदीसाठी रीतसर पावती देऊन नेला. आजीनं पावतीवर अंगठा द्यायला नकार दिला. सही येते म्हणाली, आणि केली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक मणका शाळेत आला त्याच दिवशी झाली आणि ती माझी. मुलांनी तो हापशीवर नेऊन घासणीनं लख्ख केला. वाटीत आणि बुंध्यांच्या खाचांत कडक झालेली माती होती, ती खिळ्यानं कोरून काढली. मी समोर उभा होतो, कौतुक करत होतो. भूवैज्ञानिकांनी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न केला, “याला चिकटलेलं काही उरलंय का?” त्या मातीच्या रंगावरून, कणांवरून हाड कोणत्या थरातलं हे कदाचित सांगता आलं असतं. आजीच्या सासऱ्यांनी जागा सांगून ठेवली नव्हती, आणि उरलेला पत्ता आम्ही हापशीखाली वाहून घालवला.

दुसरी गोष्ट क्रमाची. आम्ही आधी नाव शोधलं, मग लक्षणं. मणक्याचे वरून, खालून, चारही बाजूंनी फोटो आणि मोजमाप पहिल्याच दिवशी झालं असतं, तर ते दोन उंचवटे आठवडाभर आधी दिसले असते. तयार तक्ता विकत घेण्याचे एकशे वीस रुपयेही वाचले असते, पण त्या चुकीच्या बाणांमुळेच प्रश्न निघाला, त्यामुळे त्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही.

फळ्यावरच्या तक्त्याबद्दल मात्र एक शंका अजून आहे. सहा लक्षणं मीच निवडली होती आणि झाड कुठं जाणार हे मला निवडतानाच ठाऊक होतं. मुलांनी लक्षणं निवडली असती तर कदाचित ‘अंडी घालतो’, ‘मोठा आहे’ असली निघाली असती, झाड फसलं असतं, आणि ते फसणंही पाहायला हवं होतं. २०१७ च्या वादातही भांडण बरंचसं याच जागी होतं: कोणत्या नोंदी, कुणी, कशा भरल्या. यंदा तो भाग मुलांवर सोडणार आहे.

शाळेत आता एक वही आहे. पहिला रकाना ‘कुठं सापडलं’, दुसरा ‘कुणी, कधी’, तिसरा ‘धुतलं का’. ‘काय आहे’ हा रकाना शेवटचा. आतापर्यंत सात नोंदी झाल्यात. दोन साधे दगड, एक जुन्या जात्याची तळी, एक बहुधा शेणाचा दगड, तीन कोरे. आजीच्या दाराला सध्या अर्धी वीट आहे आणि वारा सुटला की ते आपटतं, हे ती भेटेल तेव्हा मला ऐकवते.